मालवणची परिचारिका आणि इंग्लंडचा प्रायोजित व्हिसा : एक प्रकरण अभ्यास

मालवण तालुक्यातील एका परिचारिकेने इंग्लंडमधील सरकारी रुग्णालयातील नोकरीसाठी व्हिसा मिळवला. त्या प्रक्रियेची ही सविस्तर नोंद आहे. ओळख उघड होऊ नये म्हणून अर्जदाराचे नाव, गाव आणि संबंधित संस्था येथे दिलेल्या नाहीत. हे प्रकरण निवडण्याचे कारण असे की अर्ज भरणे हा त्यातला सर्वांत छोटा भाग होता. मालकाच्या प्रायोजकत्वावर मिळणाऱ्या व्हिसाचे भवितव्य मुख्यतः दोन गोष्टींवर ठरते. पहिली म्हणजे आपली नोकरी सरकारदरबारी कोणत्या व्यवसाय-वर्गात नोंदली जाणार आहे, आणि दुसरी म्हणजे आपल्याजवळचे सगळे कागद एकाच व्यक्तीचे आहेत हे परक्या अधिकाऱ्याला पटते की नाही. या दोन्ही गोष्टी अर्जदाराने स्वतः वाचून तपासायच्या असतात. आपल्याकडे मात्र त्या एजंटावर किंवा सायबर कॅफेवाल्यावर सोपवल्या जातात, आणि बहुतेक नुकसान तिथूनच सुरू होते.

अर्जदार तिशीच्या मध्यावर होत्या. जीएनएम हा परिचर्येचा पदविका अभ्यासक्रम पूर्ण करून त्यांनी महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे नोंदणी केली होती. आधी कोल्हापुरातील एका खासगी रुग्णालयात आणि त्यानंतर २०१६ ते २०१८ या काळात मस्कतमध्ये त्यांनी काम केले. परत आल्यावर लग्न झाले, मुलगी झाली आणि त्या सिंधुदुर्गातच एका खासगी रुग्णालयात शस्त्रक्रियेनंतरच्या रुग्णांच्या कक्षात काम करू लागल्या. पतीची हापूसची कलमे आहेत. घरात सासूबाई आणि लहान मुलगी. लागोपाठ दोन हंगामांत मोहोर गळाल्याने घरचे उत्पन्न घटले होते आणि बाहेर जाण्याचा विचार तिथून सुरू झाला.

पहिला प्रस्ताव

२०२४ च्या मे महिन्यात मुंबईतील एका एजंटाने त्यांच्यापुढे इंग्लंडमधील एका खासगी वृद्धाश्रमातील नोकरीचा प्रस्ताव ठेवला. वर्षाला २३,२०० पौंड पगार, आठ लाख रुपये शुल्क आणि त्यातले तीन लाख आगाऊ, अशा त्याच्या अटी होत्या. ऑफर लेटर छापील होते, त्यावर शिक्का होता आणि पदाचे नाव ‘सीनियर केअरर’ असे होते. एजंटाचे म्हणणे असे की आधी तिथे पोहोचावे, नर्सची नोंदणी पुढे आपोआप होते. घरच्यांना हे पटले होते आणि पैशांसाठी सोने गहाण ठेवण्याची तयारीही झाली होती.

या कागदावरचा सर्वांत बोलका भाग पदाच्या नावाखालील चार अंकी संकेतांक हा होता. ब्रिटनमध्ये प्रत्येक नोकरीला असा व्यवसाय-संकेतांक असतो. व्हिसासाठी किमान पगार किती, कुटुंबाला नेता येते की नाही आणि उद्या नियम बदलले तर त्यांचा फटका बसेल की नाही, हे सारे त्यावर ठरते. या पत्रावर ६१३६ हा संकेतांक होता. तो ज्येष्ठ काळजीवाहकांचा आहे. नोंदणीकृत परिचारिकांचे संकेतांक २२३२ ते २२३७ या टप्प्यात येतात आणि रुग्णालयातील सर्वसाधारण कक्षात काम करणारी परिचारिका बहुधा २२३७ मध्ये मोडते. म्हणजे शिकलेली, कसलेली परिचारिका कागदोपत्री परिचारिका राहणारच नव्हती.

याचे परिणाम तेव्हाच दिसत होते. ११ मार्च २०२४ पासून काळजीवाहक आणि ज्येष्ठ काळजीवाहक या दोन्ही वर्गांत नव्याने येणाऱ्यांना पती, पत्नी किंवा मुलांना सोबत नेण्यास ब्रिटनने मनाई केली होती. मुलीला सोबत नेणे हा तर अर्जदाराचा मुख्य हेतू होता. शिवाय सांगितलेला २३,२०० पौंडांचा पगार त्या वेळच्या नियमातील अगदी किमान आकडा होता, त्याच्यावर एक पौंडही नव्हता. ‘नंतर नर्स होता येईल’ हे वाक्य पूर्ण खोटे नव्हते, पण त्यात अर्धेच सांगितले होते. तिथे राहून परीक्षा देता येतात, मात्र परिचारिका म्हणून काम करायचे तर त्या पदासाठी नवे प्रायोजकत्व आणि नवा अर्ज लागतो. आधीच्या मालकाचा परदेशी कामगारांना प्रायोजित करण्याचा परवाना मध्येच रद्द झाला तर नवा प्रायोजक शोधायला साधारणपणे ६० दिवस मिळतात.

पैशांचा प्रश्न याहून गंभीर होता. भारताच्या १९८३ च्या उत्प्रवास कायद्याप्रमाणे परदेशी नोकरीसाठी भरती करणाऱ्या एजंटाकडे केंद्र सरकारची नोंदणी असावी लागते आणि नोंदणीकृत एजंटालाही ३०,००० रुपये अधिक जीएसटी यापेक्षा जास्त सेवाशुल्क घेता येत नाही. ही नोंदणी ई-मायग्रेट या सरकारी संकेतस्थळावर कोणालाही तपासता येते. तिकडे ब्रिटनच्या आरोग्यसेवेतील आंतरराष्ट्रीय भरतीची आचारसंहिता तर उमेदवाराकडून नोकरी मिळवून देण्याबद्दल काहीही घेऊ देत नाही. आठ लाखांची मागणी दोन्ही देशांच्या नियमांत बसत नव्हती. एजंटाचा नोंदणी क्रमांक मागितला तेव्हा तो मिळाला नाही आणि बोलणी तिथेच थांबली.

इथे एक गोष्ट आवर्जून लिहावीशी वाटते. असा प्रस्ताव स्वीकारणाऱ्या बायका भोळ्या असतात असे समजणे चुकीचे आहे. मस्कतला जाताना याच अर्जदाराने कायदेशीर वाट धरली होती. २०१५ पासून आखातासह १८ देशांत नोकरीला जाणाऱ्या परिचारिकांना, पासपोर्ट कोणताही असला तरी, उत्प्रवास परवानगी घ्यावी लागते आणि भरती सरकारी यंत्रणांमार्फत व्हावी लागते. त्यामुळे तिथे त्यांना एक सरकारी खिडकी ठाऊक होती. ब्रिटन त्या १८ देशांत येत नाही, म्हणून ती खिडकीही नाही, आणि ही मोकळी जागा एजंट भरून काढतात.

परिचारिका म्हणून जाण्याची वाट

दुसरी वाट लांबची होती. ब्रिटनमध्ये परिचारिकांची नोंदणी नर्सिंग अँड मिडवाइफरी कौन्सिलकडे होते आणि सगळे जण तिला एनएमसी म्हणतात. एनएमसीची अट इंग्रजीपासून सुरू होते. ओईटी या आरोग्यसेवकांसाठीच्या इंग्रजी परीक्षेत ऐकणे, वाचणे आणि बोलणे यांत बी श्रेणी आणि लेखनात सी प्लस मिळवावी लागते. आयईएलटीएस ही सर्वसाधारण इंग्रजीची परीक्षा दिली तर एकूण ७, पहिल्या तीन भागांत प्रत्येकी ७ आणि लेखनात ६.५ लागतात. अर्जदाराने ओईटी निवडली, कारण तिचा मजकूर रुग्णालयातला असतो. भरती झालेल्या रुग्णाबद्दल दुसऱ्या डॉक्टरला पत्र लिहिणे त्यांच्या रोजच्या कामाच्या जवळचे होते. पहिल्या वेळी वाचनात सी प्लस मिळाली आणि बाकी सगळे जमले. पुन्हा पहिल्यापासून, असे त्यांना वाटले होते. पण बारा महिन्यांच्या आत दिलेल्या दोन परीक्षांचे गुण एकत्र करण्याची सोय एनएमसीने ठेवली आहे. कोणत्याही वेळी ऐकणे, वाचणे, बोलणे यांत सी प्लसच्या खाली आणि लेखनात सीच्या खाली घसरलेले नसावे, एवढीच त्याची अट आहे. दुसऱ्या वेळी वाचनाची बी मिळाली आणि प्रश्न सुटला. ही सोय माहीत नसल्याने खचून प्रयत्न सोडणाऱ्या मुली जिल्ह्यात आहेत, म्हणून ती येथे नोंदवली.

यानंतर सीबीटी, म्हणजे संगणकावरची परीक्षा, मुंबईत झाली. तिचे शुल्क ८३ पौंड. तिचे दोन भाग असतात, औषधांच्या मात्रांची गणिते आणि परिचर्येचे ज्ञान. गणितात त्यांना अडचण आली नाही. दुसऱ्या भागात मात्र तिथली कामाची रीत विचारली जाते. रुग्णाची संमती, गोपनीयता, आपल्याहून वरिष्ठाची चूक दिसली तर काय करावे, असे प्रश्न येतात. आपल्या रुग्णालयांतील सवयीने उत्तर दिले तर ते चुकण्याची शक्यता असते. एनएमसीकडील मूल्यमापनाच्या अर्जाला १४० पौंड पडले. नोंदणीची पडताळणी महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडून थेट एनएमसीकडे जावी लागते, अर्जदाराने दिलेली प्रत चालत नाही. हा टप्पा सर्वांत रेंगाळला. परिषदेकडील नूतनीकरण वेळेवर झालेले होते म्हणून तो पार पडला, अन्यथा आधी तेच करत बसावे लागले असते.

कोकणातून मुंबईला परीक्षेसाठी जाणाऱ्यांनी पावसाळ्याचा हिशेब धरला पाहिजे. १४ जुलै २०२४ रोजी खेडजवळ विन्हेरे आणि दिवाणखवटी या स्थानकांदरम्यान दरड कोसळून कोकण रेल्वे बंद पडली, तेव्हा सावंतवाडीपासूनचे प्रवासी वाटेत अडकले होते. या अर्जदाराने पावसाळ्यातील तारीख घेतलीच नाही आणि मुंबईचे प्रत्येक काम आदल्या दिवशी पोहोचून केले. परीक्षेची तारीख चुकली की शुल्क बुडते आणि पुढची तारीख लगेच मिळत नाही.

नाव

खरी अडचण कोणाच्याच डोक्यात नव्हती तिथून आली. शाळेपासून परिचर्या परिषदेपर्यंतचे सगळे कागद माहेरच्या नावाचे होते. मस्कतला जाताना काढलेला पासपोर्टही त्याच नावाचा होता आणि त्याची मुदत २०२५ मध्ये संपत होती. आधार कार्ड आणि बँकेचे खाते लग्नानंतर सासरच्या नावावर झाले होते. भर म्हणजे लग्नात, आपल्याकडच्या रिवाजाप्रमाणे, तांदळावर लिहून पहिले नावही बदलले होते आणि आधारवर नाव बदलताना घरच्यांनी तेच नाव सांगितले होते. आडनावाचे इंग्रजी लेखन काही कागदांवर ‘व्ही’ने होते, काहींवर ‘डब्ल्यू’ने. परका अधिकारी हे सारे पाहील तर त्याला दोन वेगळ्या स्त्रिया दिसतील.

पासपोर्टचे नूतनीकरण तोंडावर आल्याने निर्णय टाळता येत नव्हता. तालुक्यातील सेतू केंद्रावर त्यांना सल्ला मिळाला की राजपत्रात नाव बदलाची जाहिरात द्यावी, पासपोर्ट सासरच्या नावावर करावा आणि मग बाकीचे कागद बदलत जावे. राजपत्रातील प्रसिद्धी आता ऑनलाइन होते आणि ती अवघडही नाही, त्यामुळे हा सल्ला सोपा वाटतो. तो मानला असता तर नवा पासपोर्ट एका नावाचा आणि परिचर्या परिषदेची नोंदणी, गुणपत्रके, ओईटीचा निकाल, सीबीटीचा निकाल आणि एनएमसीचा चालू अर्ज दुसऱ्या नावाचे, अशी अवस्था झाली असती. लग्नानंतर नाव बदलणे कायद्याने बंधनकारक नाही. म्हणून उलटा विचार करण्यात आला. ज्या नावावर शिक्षण, नोंदणी आणि परीक्षा आहेत तेच नाव पासपोर्टवर ठेवायचे आणि जे एक-दोन कागद वेगळे आहेत तेवढे त्याच्याकडे आणायचे.

त्यात आधारचा कागद सर्वांत नाजूक होता. आधारवरील नाव आयुष्यात दोनदाच बदलता येते आणि एक संधी लग्नानंतर वापरली गेली होती. म्हणून दुसरी संधी वापरण्यापूर्वी जुन्या पासपोर्टवरील नाव अक्षर-अक्षर उतरवून घेतले, ‘व्ही’ आणि ‘डब्ल्यू’सकट, आणि तोच पासपोर्ट पुरावा म्हणून जोडला. मग त्या आधारवर पासपोर्टचे नूतनीकरण झाले. पतीचे नाव पासपोर्टच्या शेवटच्या पानावर आले. माझ्या मते या प्रकरणातील सर्वांत मोलाचा निर्णय हाच होता. कोणते नाव ‘खरे’ हा वाद घरात बराच झाला आणि सासूबाईंना वाईट वाटले, पण जिथे सर्वांत जास्त कागद आहेत ते नाव धरायचे, ही कसोटी शेवटी सगळ्यांना मान्य झाली.

लग्नाचा दाखला मात्र हवाच होता, पतीच्या पुढील अर्जासाठी. महाराष्ट्रात विवाह नोंदणीचा कायदा १९९८ चा आहे आणि गावात नोंदणीचे काम ग्रामसेवकाकडे असते. आता त्यांचे पद ग्रामपंचायत अधिकारी म्हणून ओळखले जाते. लग्न मंदिरात झाले होते आणि नोंद राहून गेली होती, ती उशिराने केली. दाखल्यावरचा मजकूर मराठीत असल्याने त्याचे इंग्रजी भाषांतर जोडावे लागले. भाषांतर अचूक असल्याचे विधान, तारीख, भाषांतरकाराचे पूर्ण नाव, सही आणि संपर्क हे सारे त्यावर असावे अशी ब्रिटिश गृहखात्याची अट आहे. नुसते नोटरीच्या शिक्क्याचे भाषांतर, त्यात हे तपशील नसतील तर, पुरेसे होत नाही.

प्रायोजकत्व

एनएमसीकडून पात्रता कळल्यावर त्यांनी सरकारी आरोग्यसेवेतील रुग्णालयांकडे थेट अर्ज केले. उत्तर इंग्लंडमधील एका रुग्णालय-संस्थेने व्हिडिओवर मुलाखत घेतली आणि २०२५ च्या ऑगस्टमध्ये ऑफर लेटर आले. संस्थेचे नाव परवानाधारक प्रायोजकांच्या सरकारी यादीत ‘ए’ दर्जाने असल्याचे तपासले. ही यादी सर्वांसाठी खुली आहे. यादीत नाव असले तरी हाती आलेले पत्र त्याच संस्थेचे आहे हे त्यातून सिद्ध होत नाही, कारण खऱ्या रुग्णालयाच्या नावाने खोटी पत्रे निघतात. म्हणून पत्रावरील ई-मेलवर विसंबून न राहता संस्थेच्या अधिकृत संकेतस्थळावरील भरती विभागाच्या पत्त्यावर स्वतंत्रपणे विचारणा केली आणि उत्तर आल्यावरच पुढे पाऊल टाकले.

त्याआधी २२ जुलै २०२५ रोजी ब्रिटनने नियम कडक केले होते. काळजीवाहकांची परदेशातून नवी भरती त्या दिवसापासून बंद झाली आणि कुशल कामगार व्हिसासाठी व्यवसायाचा किमान स्तर पदवीच्या पातळीवर नेण्यात आला. ही बातमी वाचून अर्जदार धास्तावल्या होत्या, कारण जीएनएम ही पदविका आहे. पण हा स्तर व्यवसायाचा मोजला जातो, व्यक्तीच्या प्रमाणपत्राचा नव्हे. नोंदणीकृत परिचारिका हा व्यवसाय पदवी पातळीवर धरलेला आहे आणि जीएनएम झालेल्या परिचारिकेची नोंदणी एनएमसी मान्य करते. त्यामुळे बदलाचा फटका त्यांना बसला नाही. वर्षापूर्वीचा तो प्रस्ताव घेऊन रेंगाळल्या असत्या तर दार तोंडावर बंद झाले असते.

नोकरीचे पत्र हातात आले म्हणजे व्हिसाचा आधार मिळाला असे होत नाही. आधार असतो तो प्रायोजकत्व प्रमाणपत्राचा, ज्याला सगळे सीओएस म्हणतात. नाव प्रमाणपत्राचे असले तरी ती गृहखात्याच्या प्रणालीतील इलेक्ट्रॉनिक नोंद आहे. मालक ती भरतो आणि अर्जदाराला फक्त तिचा क्रमांक कळवतो. क्रमांक मिळाल्यापासून तीन महिन्यांत अर्ज करावा लागतो आणि नोकरी सुरू होण्याच्या तारखेच्या तीन महिन्यांहून आधी अर्ज करता येत नाही. बहुतेक अर्जदार क्रमांक मिळताच अर्जाला बसतात. या प्रकरणात मालकाकडे पूर्ण नोंदीची प्रत मागितली गेली आणि संस्थेने ती आनंदाने पाठवली.

ती प्रत अर्जदाराने पासपोर्ट शेजारी ठेवून ओळीने वाचली. नाव बरोबर, जन्मतारीख बरोबर, संकेतांक २२३७, पगार ऑफर लेटरप्रमाणे, पहिल्या महिन्याच्या खर्चाची हमी मालकाने घेतल्याचा रकाना होकारार्थी. पासपोर्ट क्रमांक मात्र जुना होता. मुलाखतीच्या वेळी पाठवलेल्या स्कॅनवरून तो उतरवला गेला होता आणि दरम्यान नवा पासपोर्ट आला होता. अशी किरकोळ चूक प्रायोजकाला आपल्या नोंदीत टिपण जोडून दुरुस्त करता येते. एका ई-मेलवर ते काम झाले. अर्जानंतर हेच लक्षात आले असते तर विनाकारण विचारणा आणि विलंब झाला असता.

खर्चाची हमी हा रकानाही लहान दिसतो, पण तो महत्त्वाचा आहे. ती हमी नसती तर खात्यावर सलग २८ दिवस किमान १,२७० पौंड दाखवावे लागले असते. गावात यासाठी नातेवाइकांचे पैसे एक-दोन दिवस खात्यावर ठेवून बँकेचा दाखला घेण्याची पद्धत आहे. सलग अठ्ठावीस दिवसांच्या अटीपुढे ती टिकत नाही.

करारातील एका कलमावर त्यांनी प्रश्न विचारला. विमानभाडे आणि तिथल्या परीक्षेचा खर्च संस्था करणार होती आणि ठरावीक काळाआधी नोकरी सोडली तर तो परत द्यावा लागणार होता. असे कलम बेकायदेशीर नाही, पण आचारसंहितेप्रमाणे ते पारदर्शक, प्रमाणशीर आणि काळाबरोबर कमी होत जाणारे असावे. शिवाय सीओएसचे शुल्क कुशल कामगाराकडून वसूल करण्यास मालकाला ३१ डिसेंबर २०२४ पासून मनाई आहे. कोणत्या रकमा परतफेडीत येतात याची यादी त्यांनी लेखी मागितली. ती मिळाली, तिच्यात सीओएस नव्हते, आणि मगच सही झाली.

अर्ज

अर्जाचा टप्पा तुलनेने लवकर संपला. हेल्थ अँड केअर वर्कर व्हिसासाठी, म्हणजे कुशल कामगार व्हिसाच्या आरोग्य कर्मचाऱ्यांसाठीच्या प्रकारासाठी, तीन वर्षांपर्यंतचे शुल्क तेव्हा ३०४ पौंड होते, म्हणजे साधारण पस्तीस हजार रुपये. इतर कुशल कामगारांना वर्षाला १,०३५ पौंड आरोग्य अधिभार भरावा लागतो, पण या वर्गाला तो माफ आहे. तीन वर्षांचे ३,१०५ पौंड वाचले. एनएमसीने मान्य केलेली इंग्रजीची परीक्षा झालेली असल्याने व्हिसासाठी वेगळी परीक्षा द्यावी लागली नाही.

क्षयरोगाची तपासणी मान्यताप्राप्त यादीतील दवाखान्यातच करावी लागते आणि तिचा दाखला सहा महिने चालतो, म्हणून ती सीओएस येण्याच्या बेतातच केली. चारित्र्याच्या दाखल्यात मात्र त्यांची धावपळ झाली. आरोग्य क्षेत्रातील अर्जदाराने मागील दहा वर्षांत ज्या ज्या देशात बारा महिने किंवा अधिक काळ वास्तव्य केले असेल, त्या प्रत्येक देशाच्या पोलिसांचा दाखला द्यावा लागतो. भारताचा दाखला पासपोर्ट सेवेतून मिळाला. मस्कतची नोकरी दहा वर्षांच्या आत येत होती, म्हणून ओमानचाही हवा होता आणि तो तिथे राहणाऱ्या जुन्या सहकाऱ्यांच्या मदतीने, बोटांचे ठसे पाठवून मिळवावा लागला. कोकणातील कितीतरी घरांत आखातातील नोकरीचा काळ असतो. अशांनी हे काम सीओएसची वाट न पाहता सुरू करावे.

मुंबईतील केंद्रात बोटांचे ठसे आणि फोटो दिल्यावर निर्णय नेहमीच्या तीन आठवड्यांच्या मुदतीत, २०२५ च्या डिसेंबरमध्ये आला. व्हिसाची नोंद डिजिटल स्वरूपात आहे. आपले ऑनलाइन व्हिसा-खाते उघडून त्यातील नाव, पासपोर्ट क्रमांक, कामाचा वर्ग आणि मुदत त्यांनी निघण्यापूर्वी तपासली.

तिथे गेल्यावर एक टप्पा राहतोच. ओस्की ही प्रात्यक्षिक परीक्षा फक्त ब्रिटनमध्ये होते. तिचे शुल्क ७९४ पौंड असून या प्रकरणात ते मालक भरतो. दहा वेगवेगळ्या ठिकाणी फिरून कामाची कौशल्ये दाखवायची असतात आणि एका अर्जावर तीन प्रयत्न मिळतात. नोकरी सुरू झाल्यापासून आठ महिन्यांत नोंदणी व्हावी लागते. तोपर्यंत पगार कमी असतो. नोंदणी झाली की सरकारी आरोग्यसेवेच्या वेतनरचनेतील पाचव्या श्रेणीचा पगार लागू होतो आणि २०२५-२६ मध्ये त्याची सुरुवात वर्षाला ३१,०४९ पौंड होती. एजंटाच्या पत्रावरील आकड्याशी तो ताडून पाहावा.

कुटुंब

परिचारिकेच्या व्हिसावर पती आणि मुलगी अवलंबित म्हणून जाऊ शकतात आणि पतीला तिथे काम करता येते. घरचा बेत मात्र वेगळा होता. मुलीने आईकडे जावे आणि पतीने कलमे सांभाळायला गावीच राहावे, असे ठरत आले होते. हा बेत नियमात बसत नाही. मुलाला अवलंबित व्हिसा मिळण्यासाठी दोन्ही पालक ब्रिटनमध्ये असावे लागतात किंवा सोबत जाणारे असावे लागतात. एकट्या पालकावरच मुलाची पूर्ण जबाबदारी असेल किंवा तसेच गंभीर कारण असेल तरच अपवाद होतो. येथे वडील हयात आहेत, रोज मुलीला शाळेत सोडतात, त्यामुळे तो अपवाद मागणे खोटेपणाचे ठरले असते आणि तो सल्ला देणाऱ्यांना अर्जदाराने स्पष्ट नकार दिला. पाच वर्षांनी कायमचे वास्तव्य मिळेल असे गणितही कोणी मांडू नये, कारण ब्रिटिश सरकारच्या मे २०२५ च्या श्वेतपत्रिकेत ती मुदत सर्वसाधारणपणे दहा वर्षे करण्याचा विचार मांडलेला आहे.

अर्जदार जानेवारी २०२६ मध्ये एकट्या रवाना झाल्या. कलमे दोन वर्षांच्या कराराने चुलत दिरांकडे द्यायची, यंदाचा आंबा उतरला की पतीने आणि मुलीने अर्ज करायचा, असे आता ठरले आहे. त्यासाठी एक काम बाकी आहे. मुलीच्या जन्मदाखल्यात आईच्या नावाच्या रकान्यात लग्नात ठेवलेले नाव आहे आणि ते आईच्या पासपोर्टवर कुठेच नाही. जन्म व मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ च्या कलम १५ खाली त्या नोंदीच्या दुरुस्तीचा अर्ज ग्रामपंचायतीत दिला आहे. सोबत विवाहाचा दाखला, आईचा जुना पासपोर्ट आणि रुग्णालयातील प्रसूतीच्या नोंदीची प्रत जोडली आहे.